खलनायक मूळचा कुठला?

कोकणात माणूस कितीही मोठा झाला, तरी त्याची पहिली चौकशी एकच असते : ‘आपण मूळचे कुठले?’ यष्टीत शेजारी बसलेला गृहस्थ आधी नाव विचारणार नाही, धंदा विचारणार नाही. पण मूळ गाव विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. ‘पोलादपूर’ म्हटलं की पुढचा प्रश्न तयार : ‘पोलादपूर खास, की आसपास?’ आसपास म्हटलं की वाडी निघते, वाडीवरून घर निघतं, आणि घर निघालं की त्या घरात त्याच्या मेव्हण्याची आत्या दिलेली असते. एवढं झालं की दोघेही निर्धास्त होतात. ज्याचं मूळ सापडलं तो माणूस फारसा वाईट असू शकत नाही, अशी आमच्याकडे समजूत आहे.

या चौकशीतून आजवर एकच इसम सुटला होता. तो म्हणजे खलनायक.

आमच्या लहानपणी खलनायक तयार मिळायचा. तो कुठून आला, त्याची आई कोण, शाळेत त्याला कोण चिडवायचं, याची विचारपूस कुणी करत नसे. थेटरात अंधार झाला, के. एन. सिंग यांनी एक भुवई वर नेली किंवा प्राणने सिगरेटच्या धुराचं वर्तुळ सोडलं, की पिटातल्या शेवटच्या माणसालाही कळायचं, हाच तो! मराठीत निळू फुले धोतराचा सोगा हातात धरून वाड्याच्या पायऱ्या उतरू लागले, की बायकांच्या बाजूने बोटं मोडल्याचा आवाज यायचा. हेच निळूभाऊ तरुणपणी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात होते, हे आम्हांला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर पंचाईत झाली असती. जो माणूस सकाळी रोपांना पाणी घालतो, त्याच्या नावाने संध्याकाळी बोटं कशी मोडायची?

हल्ली मात्र खलनायकाचं मूळ शोधायची साथ आली आहे. अमेरिकेत १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ नावाचा चित्रपट निघाला. त्यात नखशिखान्त काळ्या पोशाखातला, काळ्या मुखवट्यातून घरघर श्वास घेणारा डार्थ व्हेडर नावाचा दुष्ट होता. लोकांनी त्याचा यथास्थित तिरस्कार केला. तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण बावीस वर्षांनी, १९९९ साली, त्याच मंडळींनी मागे जाऊन दाखवलं, की हा बाबा मूळचा नऊ वर्षांचा गोंडस मुलगा. गुलामीत वाढलेला, आईच्या पदराला धरून राहणारा. झालं! ज्यांनी त्याला शिव्या दिल्या होत्या त्यांनाच रुमाल काढावे लागले. पुढे २०१९ साली ‘जोकर’ आला, तोही आपली दुःखं बरोबर घेऊनच आला. आता कुठल्याही दुष्टाला बालपणाचा दाखला जोडल्याशिवाय दुष्टपणाची परवानगी मिळत नाही.

ही साथ गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात शिरली. माझा पुतण्या पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. ‘घरून काम’ म्हणून जो प्रकार निघाला आहे, त्यात घर कुणाचं हे सांगितलेलं नसतं; म्हणून तो आमच्या घरून काम करायला आला. पोलादपूरच्या पावसाची त्याला कल्पना नव्हती. इथे पाऊस लागला की वीज जाते, वीज गेली की इंटरनेट जातं, आणि इंटरनेट गेलं की तरुण माणसं एक तर झोपतात, नाही तर कादंबरी लिहायला घेतात. आमचा पुतण्या दिवसा झोपणाऱ्यातला नव्हता.

कादंबरी अंतराळातली होती. ‘पण ही विज्ञानकथा नाही हं, काका,’ त्याने पहिल्याच दिवशी बजावलं. विज्ञानकथेत विज्ञान बरोबर असावं लागतं. ही स्पेस फॅन्टसी. म्हणजे यात यान आहे, पण ते कशावर चालतं हे विचारायचं नाही. ते लेखकाच्या इच्छेवर चालतं.

कादंबरीत एक सम्राट होता. सतरा ग्रहांवर त्याची सत्ता. अठरावा ऐकत नाही म्हणून तो उडवून द्यायचा, असा त्याचा बेत. त्याचं नाव इतकं अवघड होतं, की त्यात दोन ‘ज्ञ’ आणि एक ‘झ’ होता. माझी मोठी बहीण अक्का ते उच्चारण्याआधी कवळी नीट बसवून घ्यायची. माझ्या हातात वही आली तेव्हा एकशे दहा पानं लिहून झाली होती. पैकी पाच नायकाला, पंधरा यानाला, आणि उरलेली नव्वद या सम्राटाच्या बालपणाला. त्या नव्वद पानांत तो शाळेत रडतो, घरी रडतो, एकदा तर अंतराळात तरंगता तरंगता रडतो. आणि तिथे वजन नसल्यामुळे अश्रू खाली ओघळत नाहीत, डोळ्यापाशीच गोळा होऊन थरथरत राहतात. सबंध कादंबरीत विज्ञानाला धरून असलेली गोष्ट ती एवढीच.

‘का रडतोय हा एवढा?’ मी विचारलं.

‘अपमान, काका! शाळेत त्याला कुणी आपल्या यानात बसू देत नाही. त्या अपमानातून तो खलनायक होतो आणि ग्रह उडवतो.’

‘एकदम ग्रह?’

‘अपमान मोठा होता.’

मी पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली आहे. अपमान या विषयात माझा अधिकार कुणी नाकारू नये. अपमान झालेला माणूस ग्रह उडवू लागला असता, तर नुसत्या आमच्या आवक-जावक विभागाने सूर्यमाला साफ केली असती. पण पुतण्याला हे पटेना. तेव्हा मी प्रकरण घरासमोर मांडलं.

सौ.ने वही चाळली आणि एकच शंका काढली : ‘सतरा ग्रहांत कुणी जेवत नाही वाटतं?’ खरंच, एकशे दहा पानांत कुणाच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता. ‘मग माणूस चिडचिडा होईल नाही तर काय होईल?’ असं म्हणून ती भाकऱ्या थापायला गेली. खलनायकाच्या उगमाची याहून थोडक्यात मांडलेली उपपत्ती माझ्या वाचनात नाही.

अक्काने मात्र विषय मुळापासून घेतला. ‘अरे, आपल्याकडे खलनायकाचं मूळ कधीच सांगून ठेवलंय. रावण मूळचा कुठला? वैकुंठातला!’

पुतण्या वही सरसावून बसला. अक्का सांगू लागली. वैकुंठाच्या दारावर जय आणि विजय असे दोन द्वारपाल. एकदा सनकादिक ऋषी लहान मुलांच्या रूपात विष्णूच्या भेटीला आले. द्वारपालांनी अडवलं. ऋषी रागावले, शाप दिला, आणि दोघांना खाली जन्म घ्यावा लागला. पहिल्या जन्मी हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू, दुसऱ्या जन्मी रावण आणि कुंभकर्ण, तिसऱ्या जन्मी शिशुपाल आणि दंतवक्र.

‘म्हणजे ड्यूटीवर असताना साहेबांची खोली सांभाळली, एवढाच गुन्हा?’ मी म्हणालो. कचेरीत असले जय-विजय मी पुष्कळ पाहिलेत. ‘साहेब कामात आहेत’ म्हणणाऱ्या शिपायाला शाप देणारे ऋषीही पाहिलेत.

‘पुढचं ऐक,’ अक्का म्हणाली. ‘देवाने त्यांना विचारलं, सात जन्म माझे भक्त म्हणून काढता, की तीन जन्म वैरी म्हणून? त्यांनी तीन पत्करले. लवकर परत यायला मिळतं म्हणून.’

हे तर बदलीच्या हुकमाइतकं स्पष्ट होतं. सात वर्षं सोयीचं गाव, की तीन वर्षं आडरान? संसारी माणूस तीन वर्षंच काढून येतो. मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली. अक्काच्या गोष्टीत शाप वरून आला होता, पण वैर त्या दोघांनी स्वतः निवडलं होतं.

मग अक्काला चेव आला. तिने त्रिपुरासुर काढला. तारकासुराच्या तीन मुलांची तीन उडती नगरं : सोन्याचं स्वर्गात, रुप्याचं अंतरिक्षात आणि लोखंडाचं पृथ्वीवर. (‘लोखंडाचं म्हणजे पोलादपूरच की काय?’ ही शंका सौ.ने आतून काढली.) ही नगरं सतत फिरत असत आणि हजार वर्षांनी एकदाच एका रेषेत येत. त्या क्षणी शंकराने एकच बाण सोडला आणि तिन्हींची राख झाली. पुतण्या उठून उभाच राहिला. डार्थ व्हेडरच्या मंडळींचा तो अंतराळातला अजस्र किल्लासुद्धा एका लहानशा भोकातून अशाच एका नेमाने उडतो म्हणे. मला वाटतं, सर्व युगांतल्या खलनायकांचे किल्ले बांधणारा ठेकेदार एकच असावा. भिंती भक्कम, आणि कुठे तरी एक भोक ठेवलेलं.

शेजारचे निवृत्त कंडक्टर रोज संध्याकाळी गप्पांना येतात. त्यांची उपपत्ती निराळी. ते म्हणाले, ‘अपमान-बिपमान झूट आहे. घंटीची दोरी हातात आली की माणूस कळतो. पावसात पळत येणारी म्हातारी आरशात दिसते. एक घंटी मारली तर गाडी थांबते, दोन मारल्या तर सुटते. आता ती म्हातारी तुमची कोण लागते? कुणी नाही. तिने तुमचा अपमान केलाय? नाही. तरी दोन घंट्या मारणारे आहेत. का? तर मारता येतात म्हणून!’ आणि थोडं थांबून म्हणाले, ‘तुमच्या सम्राटाच्या हातात दोरी केव्हा आली, ते लिहा.’

पुतण्याने ते लिहून घेतलं. वीज अजून आली नव्हती.

खरं म्हणजे अंतराळातला खलनायक हवा, तर आपल्याकडे अस्सल एकच आहे, आणि तो राहू. बाकीचे असुर जमिनीवरून वर गेले. हा मूळचाच आकाशात. समुद्रमंथनानंतर अमृताची पंगत बसली. देवांना वाढायचं आणि असुरांना नुसतं बघायला लावायचं, असा बेत होता. पंगतीत वाढप्या आपल्या माणसाच्या पानात कसा ढळता हात सोडतो, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. एक असुर वेश पालटून सूर्य-चंद्राच्या मध्ये जाऊन बसला. अमृताचा घोट घशाशी पोचतो न पोचतो, तोच या दोन शेजाऱ्यांनी चहाडी केली. विष्णूने चक्र सोडलं. मुंडकं तेवढं अमर झालं, ते राहू. धड राहिलं, ते केतू. तेव्हापासून राहू त्या दोन चहाडखोरांना गिळायला धावतो. पण गळ्याखाली काही नसल्यामुळे गिळलेलं बाहेर पडतं. त्यालाच आपण ग्रहण सुटलं म्हणतो.

आता शास्त्र सांगतं, की राहू आणि केतू हे कुणी ग्रह नव्हेत. सूर्याचा आकाशातला मार्ग आणि चंद्राचा मार्ग जिथे एकमेकांना छेदतात, ते हे दोन बिंदू. एकमेकांच्या बरोबर समोर. अमावास्या किंवा पौर्णिमा या बिंदूंजवळ घडली तरच ग्रहण. हे बिंदूही स्थिर नाहीत. उलट्या दिशेने सरकत सुमारे साडेअठरा वर्षांत एक फेरी पुरी करतात. म्हणजे पहा, एवढा मोठा खलनायक, आणि तपास लावला तर काय निघालं? रस्त्याचा एक फाटा!

१६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण मला चांगलं आठवतं. खग्रास पट्टा खाली कारवारच्या बाजूने गेला. आमच्याकडे सूर्याची कोर तेवढी राहिली. भर दुपारी गावात चिटपाखरू नव्हतं. आजीने दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. मी मागच्या दाराने परसात गेलो, तर फणसाखाली जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या. पानांच्या फटीफटीतून कोरीएवढा उरलेला सूर्य खाली उतरला होता. एवढं सुंदर काम करणाऱ्याला दुष्ट म्हणायला त्या दिवसापासून माझी जीभ रेटत नाही.

आणि दुष्ट कोण, हे सांगणार कोण? दिवाळीत आमच्याकडे बायका ओवाळताना म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ पुराणात हा बळी असुरांचा राजा आणि त्याला पाताळात दडपणारा वामन हा विष्णूचा अवतार. म्हणजे घरोघर बायका ज्याचं राज्य मागताहेत, तो अधिकृत रीत्या खलनायकाच्या पार्टीतला! जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा त्यांनी हीच गोष्ट उलटी फिरवून धरली. बळी हा प्रजेचा राजा, आणि वामन हा बाहेरून येऊन कपटाने राज्य घेणारा. हॉलिवुडला जे विसाव्या शतकाच्या शेवटी सुचलं, ते आमच्या पुण्यात सव्वाशे वर्षं आधी छापून आलं होतं.

एका दुपारी पाऊस जरा उघडला. मी पुतण्याला बाहेर काढलं. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या या कवीने ‘शिवभारत’ नावाचं संस्कृत काव्य रचलं. ते अपुरंच राहिलं, हे ऐकून पुतण्याला फार धीर आला. या काव्यात अफझलखान आहे, प्रतापगड आहे. आणि जो रणसंग्राम १० नोव्हेंबर १६५९ रोजी घडला, ती जागा इथून आंबेनळी घाट चढून गेलं की समोरच. कवीने शत्रूचं मूळ आपल्या परंपरेप्रमाणे सांगितलं : जुने दैत्यच पुन्हा शत्रुपक्षात जन्माला आले. इतिहास सांगतो ते साधं आहे. खान विजापूरचा सरदार, आधी दहाएक वर्षं वाईचा सुभेदार, आमच्या डोंगरांची ओळख असलेला. दैत्य म्हटलं की गोष्ट रंगते. सुभेदार म्हटलं की विचार करावा लागतो.

जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांचं प्रकरण त्याहून अवघड. बखरीत आहे, की हा यशवंतराव मोरे शिवाजीराजांच्याच पाठिंब्याने गादीवर बसून ‘चंद्रराव’ झाला. पुढे बिनसलं. १६५६ साली राजांनी जावळी घेतली आणि चंद्रराव रायरीवर जाऊन बसला, तीही पडली. रायरी म्हणजे आजचा रायगड. ‘म्हणजे आपणच बसवलेला माणूस आपल्यावर उलटला? काका, हा तर अगदी डार्थ व्हेडर!’ पुतण्या समाधीपाशी ओरडला. मी त्याला आवाज खाली करायला सांगितलं. आमच्या तालुक्यात मोरे आडनावाची घरं कमी नाहीत. ही गोष्ट बैठकीला कोण आहे ते पाहून सांगावी लागते.

परत येताना आम्ही फाट्यावर उभे राहिलो. पोलादपूर हे वळणाचं गाव आहे. मुंबईहून आलेला रस्ता इथे दुभंगतो. सरळ गेलात तर कशेडी, खेड आणि गोवा. डावीकडे वळलात तर आंबेनळी, प्रतापगड आणि महाबळेश्वर. एकाच गाडीतून आलेली दोन माणसं इथे उतरतात, एकाच टपरीवर चहा पितात, आणि एक समुद्राकडे जातो, दुसरा डोंगराकडे. त्याच्या मूळ गावाची कितीही चौकशी केलीत, तरी तो डावीकडे का वळला ते कळणार नाही. घाटात पाट्या लावलेल्या असतात : ‘अपघाती वळण, सावकाश हाका.’ पुतण्याच्या नव्वद पानांत ही पाटी कुठेच नव्हती. त्याचा सम्राट सरळ रस्त्याने, ढकलल्यासारखा, खलनायकापर्यंत जाऊन पोचत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला महाडला नेलं. यष्टीने अर्धापाऊण तासाचा रस्ता. ‘महाडला काय आहे?’ तो म्हणाला. म्हटलं, ‘तुझ्या कादंबरीला उत्तर आहे.’

चवदार तळ्याच्या पायऱ्यांपाशी आम्ही थांबलो. पावसाने तळं काठोकाठ भरलं होतं. मी त्याला विचारलं, ‘तुझ्या सम्राटाला यानात बसू दिलं नाही, होय ना? आता एका मुलाची गोष्ट ऐक. हा शाळेत जाताना बसायला घरून गोणपाटाचा तुकडा न्यायचा. तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. एकदा वडिलांना भेटायला निघालेल्या या मुलाला बैलगाडीच्या सबंध प्रवासात कुणी पाणी दिलं नाही. हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. तुझ्या हिशेबाने हा मोठेपणी काय व्हायला हवा?’

पुतण्या काही बोलला नाही. समोर बाबासाहेबांचा पुतळा होता.

१९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर बोल्यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर तळं उघडलं, पण काठावर जायची कुणाची प्राज्ञा नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह चालत आले, पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर लाठ्या चालल्या, माणसं रक्तबंबाळ झाली. लोक चवताळलेले होते, संख्येनेही पुष्कळ होते. एक शब्द पुरला असता. तिथे घंटीची दोरी एकाच माणसाच्या हातात होती. त्याने ती मारली नाही. हात उचलायचा नाही, असं सांगितलं. गावाने पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं, आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुन्हा सत्याग्रह ठरला, तर कोर्टाचा मनाईहुकूम आला. त्याने तोही मानला. आणि मग खटला लढवला. एक-दोन नव्हे, दहा वर्षं. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला.

‘ग्रह उडवायला तुझ्या सम्राटाला किती वेळ लागतो?’ मी विचारलं.

‘बटण दाबायचं असतं, काका. एक क्षण.’

‘बरोबर. आणि ओंजळभर पाण्याला दहा वर्षं लागली. यातलं सोपं कुठलं?’

अपमानाची गोष्ट खोटी नसते. ती सांगितलीच पाहिजे. ती न सांगणारा माणूस अपमान करणाऱ्याची सोय करतो. पण तिच्यापुढे ‘म्हणून’ हा शब्द लावताना हात जड करावा. ‘त्याला पाणी दिलं नाही, म्हणून त्याने जग जाळलं’ हे वाक्य ऐकायला करुण वाटतं, पण ज्यांना पाणी दिलं नाही आणि तरी ज्यांनी जग जाळलं नाही, अशा लाखो माणसांवर ते अन्याय करतं. ती माणसं कुठल्याच कादंबरीत येत नाहीत. त्यांच्यासाठी नव्वद पानं कुणी खर्च करत नाही.

परतीच्या यष्टीत पुतण्या खिडकीबाहेर बघत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘काका, कृष्णविवर कसं तयार होतं माहीत आहे?’ मी म्हटलं, मला जयंत नारळीकरांमुळे थोडंफार माहीत आहे. त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने. नावाच्या दबावाशिवाय कथेचा निकाल लागावा म्हणून. बक्षीस मिळालं तेव्हा मराठीला आकाशातला एक लेखक सापडला. पुतण्या म्हणाला, ‘प्रचंड तारा असतो. आतलं इंधन जळतंय तोवर तो स्वतःला पेलून धरतो. इंधन संपलं, की स्वतःच्याच वजनाने आत कोसळतो. मग जवळ येईल ते गिळतो, प्रकाशसुद्धा. बाहेरून कुणी त्याला काही केलेलं नसतं.’

‘मग हे लिही की,’ मी म्हटलं.

त्याने लिहिलं. नव्वद पानांची बारा झाली. शाळेचा प्रसंग राहिला. पण त्या वर्गात आता दोन मुलं आहेत. यानात दोघांनाही बसू देत नाहीत. दोघंही मागे राहतात, आणि सौ.च्या आग्रहामुळे दोघंही भाकरी खातात. पुढे एक जण सम्राट होतो आणि दुसरी, म्हणजे ती मुलगी आहे, अठराव्या ग्रहावर पाण्याचा खटला चालवते. फाटा फुटतो ते पान मी दोनदा वाचलं. तिथे कुणी रडत नाही. सम्राटाच्या हातात पहिल्यांदा दोरी येते, एवढंच आहे. आणि आरशात पळत येणारी एक म्हातारी आहे. कंडक्टरसाहेबांनी ते पान वाचून चष्मा पुसला आणि ‘बरं आहे’ म्हणाले.

कादंबरी मात्र एकशे चाळिसाव्या पानावर अडली आहे. परवा पुण्याहून पुतण्याचा फोन होता. आवाज रडवेला. ‘काका, तुम्हां सगळ्यांमुळे घोळ झालाय. तो इतका विचार करायला लागलाय, की ग्रह उडवायला तयारच होत नाही! बटणावर बोट ठेवून बसलाय नुसता. पुढे काय करू?’

मी म्हटलं, ‘बसू दे. विचार करतोय तोवर अठराव्या ग्रहाचं तेवढंच आयुष्य वाढतंय.’